पासष्टपासून उलटी मोजणी : चाळिशीनंतर व्यावसायिक वैमानिक होण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना इथे ‘क’ म्हणू. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत; निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. मी त्यांना हवामानशास्त्र आणि नॅव्हिगेशन हे ग्राउंडचे, म्हणजे विमानाबाहेर वर्गात शिकायचे, विषय शिकवले. पुढेही मोठ्या निर्णयांच्या वेळी त्या बोलायला येत राहिल्या, त्यामुळे बराचसा भाग जवळून पाहता आला.

२०१६ मध्ये क ४१ वर्षांच्या होत्या. शिक्षणाने यांत्रिकी अभियंता, दीड दशकाची नोकरी, हाताखाली मोठा गट, पगार उत्तम. नोकरीत काही बिनसलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण चाळिशीत विमान उडवायला येणारे बरेच जण कशापासून तरी पळत आलेले असतात आणि पहिल्या मंदीत किंवा पहिल्या नापास पेपरात ते जाणवतं. क यांना लहानपणापासून उडायचं होतं. विशीत पैसे नव्हते, तिशीत मूल लहान होतं. आता मुलगी अकरा वर्षांची होती, नवऱ्याची नोकरी स्थिर होती, आणि साठवलेल्या पैशांतून प्रशिक्षणाचा खर्च निघू शकत होता. तो खर्च त्यांच्या साधारण दीड वर्षाच्या पगाराएवढा होता.

खरा प्रश्न कोणता

त्यांचा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो: या वयात जमेल का? शिकायला वयाची वरची मर्यादा नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या नियमांत कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान वय १८ आहे, कमाल वय लिहिलेलंच नाही. मर्यादा आहे ती दुसऱ्या टोकाला. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक वाहतुकीत दोन वैमानिकांच्या विमानावर वयाच्या ६५ पर्यंत काम करता येतं. २००६ पर्यंत हा आकडा ६० होता. एकट्या वैमानिकाने चालवायच्या विमानावर तो आजही ६० आहे. छोट्या चार्टर विमानावर एकट्याने काम करू, असा पर्याय मनात धरून ठेवणाऱ्यांच्या हिशोबातून ही पाच वर्षं सहसा निसटतात.

म्हणून आम्ही हिशोब उलट्या बाजूने मांडला. ६५ म्हणजे २०४०. हातात २४ वर्षं. त्यातली तीन प्रशिक्षणाची, दोन नोकरी शोधण्याची. उरली १९. बहुतेक विमान कंपन्यांत मार्ग, रजा, तळ आणि कॅप्टनपद हे सगळं रुजू झालेल्या तारखेच्या ज्येष्ठतेवर ठरतं. तिथे पंचविशीतल्या मुलाला जे चाळिशीत मिळतं, ते यांना निवृत्तीच्या तोंडावर मिळणार होतं. मोठ्या जेट विमानाची कॅप्टन होणं हेच ध्येय असेल तर आकडे जेमतेम जुळत होते. उडण्यावर पोट भरणं हे ध्येय असेल तर भरपूर वर्षं शिल्लक होती. या दोन ध्येयांतलं कोणतं आपलं, हे क यांना दोन महिने ठरवता आलं नाही. ते ठरेपर्यंत त्यांनी कुठेही पैसे भरले नाहीत. या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा भाग कोणता असं विचारलं तर मी हेच दोन महिने सांगेन.

शेवटी त्यांनी दुसरं ध्येय निवडलं. पहिलं जमलं तर उत्तम, पण त्याच्यावर घर उभं करायचं नाही.

समोरचे पर्याय

नोकरी सोडून पूर्णवेळ, सलग अभ्यासक्रम करणं हा सरळ मार्ग. वेळ कमी लागतो, उड्डाणाचे तासही कमी लागतात. इकाओच्या मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात कमर्शियल लायसन्स १५० तासांत मिळू शकतं, एरवी २०० लागतात. अमेरिकेत साधारण मार्गाने २५०. पण पगार पहिल्या दिवशी बंद होतो, आणि मध्येच जमत नाही असं कळलं तर हातात अर्धवट लॉगबुकाखेरीज, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीखेरीज, काही राहत नाही.

दुसरा मार्ग तुकड्यातुकड्यांनी जाण्याचा. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी खाजगी वैमानिकाचं लायसन्स, मग थांबून विचार, मग पुढचा टप्पा. स्वतःच्या हौसेपुरतं लायसन्स काढून नोकरी चालू ठेवणं हा तिसरा. हवाई वाहतूक नियंत्रक होण्याचा विचारही काही दिवस झाला. पण त्या नोकरीत भरतीच्या वयाची अट अनेक देशांत कडक असते, अमेरिकेत तर साधारणपणे ३१ च्या आत रुजू व्हावं लागतं. तो विषय तिथेच संपला.

क यांनी दुसरा मार्ग धरला, पण एक अट घालून: प्रत्येक टप्प्यानंतर पुढे जायचं की नाही हे नव्याने ठरवायचं, आणि पुढच्या टप्प्याचे पैसे आगाऊ भरायचे नाहीत. फ्लाइंग स्कूलने एकरकमी शुल्कावर सवलत देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली.

पहिलं दार : वैद्यकीय तपासणी

विमानात बसण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी करायची, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. चष्मा असल्याची त्यांना धास्ती होती. ती निराधार होती: चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दूरची नजर ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ असली की इकाओच्या निकषांत बसते, फक्त जादा चष्मा हाताशी ठेवावा लागतो. अडलं वेगळ्याच ठिकाणी. रक्तदाब जास्त निघाला.

इथे त्यांच्यासमोर एक सोपी पळवाट होती. ओळखीतल्या एकाने सुचवलं की काही दिवस गोळी घेऊन, आकडा खाली आणून, दुसऱ्या डॉक्टरकडे जा आणि गोळीचा उल्लेख करू नका. क यांनी तसं केलं नाही. चोवीस तासांच्या रक्तदाबाची नोंद काढली, चालण्याजोगी गोळी सुरू केली, गोळीचा त्रास होत नाही हे दिसेपर्यंत थांबल्या आणि मग प्रमाणपत्र मिळालं. काही महिने गेले. वैद्यकीय माहिती दडवून मिळवलेलं प्रमाणपत्र पुढे कधीही रद्द होऊ शकतं. शिवाय दर तपासणीला तीच धाकधूक. चाळिशीनंतर तपासण्या वाढत जातात: श्रवणचाचणी दर दोन वर्षांनी, पन्नाशीनंतर ईसीजी दरवर्षी, आणि एकट्याने प्रवासी नेणाऱ्या वैमानिकाला चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल.

जवळच्या नजरेचा प्रश्न पुढे आला, आणि तो तपासणीच्या खोलीत नव्हे तर विमानात. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचण्याचा भाग खाली असतो. डोक्यावरच्या पॅनेलवरचं बटण वाचायला मान वर केली की नजर नेमकी दूरच्या भागातून जाते. रात्री मंद उजेडात ॲप्रोच चार्टवरचे, म्हणजे उतरण्याच्या मार्गाच्या नकाशावरचे, बारीक आकडे पुसट होतात. कॉकपिटमधली अंतरं मोजून त्यांनी वेगळा चष्मा करून घेतला. बारीकसारीक वाटते ही गोष्ट, पण पंचेचाळिशीच्या विद्यार्थ्याला ती कोणी सांगत नाही, कारण शिकवणारा बहुधा पंचविशीचा असतो.

हात आणि डोकं

ग्राउंडचे पेपर त्यांना सोपे गेले. हवेत उलट झालं. पहिल्या सोलोला, म्हणजे एकटीने करायच्या उड्डाणाला, त्यांना बरोबरच्या मुलांपेक्षा बराच उशीर लागला, आणि अडचण एकाच ठिकाणी होती: फ्लेअर. रनवेवर टेकण्याआधी नाक हळूच वर घेऊन विमान तरंगत ठेवायचं असतं, म्हणजे मागची मुख्य चाकं आधी टेकतात. क यांची नजर विमानाच्या अगदी पुढ्यातल्या डांबरावर खिळायची. त्यामुळे उंचीचा अंदाज यायचा नाही आणि विमान आदळायचं किंवा उडी घ्यायचं. नजर रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे न्या, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण त्यांची घडण अशी की खात्री झाल्याशिवाय हात हलवायचा नाही. कार्यालयात या सवयीने त्यांना बढत्या दिल्या होत्या. जमिनीपासून पाच मीटरवर तिला वेळ नसतो.

उपाय निघाला तो साधा. त्यांच्या इन्स्ट्रक्टरने दोन-तीन उड्डाणं त्यांना लँडिंग करूच दिलं नाही. फक्त रनवेवरून कमी उंचीवर सरळ उडत जायचं आणि पुन्हा वर यायचं. टेकायचंच नाही म्हटल्यावर ताण गेला, नजर आपोआप लांब गेली.

खरं नुकसान दोन उड्डाणांमधल्या आठवड्याच्या अंतराने झालं. कामाच्या धबडग्यात दोन रविवार बुडले की तिसऱ्या रविवारचा पहिला अर्धा तास जुनंच घोटवण्यात जायचा. इकाओच्या नियमांत खाजगी लायसन्सला किमान ४० तास आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी शिकणाऱ्याला सहसा त्याहून बरेच जास्त लागतात. क यांनाही लागले. नोकरी टिकवण्याची ही किंमत होती, आणि ती त्यांनी समजून उमजून मोजली.

२०१८ मध्ये, खाजगी लायसन्स हातात आल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. हा दुसरा मोठा निर्णय. तुकड्यांनी पुढे जाणं इथून महागात पडलं असतं. लेखी परीक्षांना मुदत असते: युरोपात पहिला पेपर दिला त्या महिन्याच्या अखेरीपासून १८ महिन्यांत सगळे विषय सुटावे लागतात, प्रत्येकात ७५ टक्के. अमेरिकेत लेखी परीक्षेचा निकाल २४ महिने चालतो. नोकरी आणि ही घड्याळं एकत्र सांभाळणं जमण्यासारखं नव्हतं. निघताना त्यांनी जुन्या वरिष्ठांशी स्पष्ट बोलून सल्लागार म्हणून अधूनमधून काम घेण्याचं ठरवून ठेवलं. त्या वेळी मला ते थोडं अर्ध्या मनाचं वाटलं होतं. पुढे त्याच कामाने त्यांना तारलं.

पूर्णवेळ झाल्यावर वेग आला. कमर्शियल लायसन्ससाठी लागणारं किमान ५४० किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबण्याचं एकट्याचं क्रॉसकंट्री उड्डाण त्यांनी पहिल्या खेपेत पूर्ण केलं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगमध्ये, म्हणजे फक्त उपकरणांवरून उडण्याच्या परवान्यात, तर त्या वर्गात सगळ्यांच्या पुढे गेल्या. बाहेर काही न दिसता सहा घड्याळांवरून नजर फिरवत ठेवायची, एकावर अडकायचं नाही, दोन मिनिटांनी काय होणार ते आत्ताच ठरवायचं: फ्लेअरमध्ये आडवी आलेली त्यांची शिस्त इथे कामी आली. २०१९ संपता संपता कमर्शियल लायसन्स, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग हातात होतं. वय ४४, लॉगबुकात दोनशेहून थोडे जास्त तास.

कळीचा निर्णय : टाइप रेटिंग की इन्स्ट्रक्टर

आता पैसे एकाच गोष्टीपुरते उरले होते. एकीकडे ए-३२० किंवा ७३७ या जेट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याची परवानगी, स्वखर्चाने मिळवणं. त्या वेळी भरती जोरात होती, आणि टाइप रेटिंग असलेल्यांना बोलावणी येत होती. वयाचा हिशोबही त्याच बाजूचा: प्रत्येक गेलेलं वर्ष म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीत आणखी कित्येक जण पुढे. दुसरीकडे इन्स्ट्रक्टर रेटिंग: खर्च बराच कमी, पगार तुटपुंजा, पण तास वाढत राहणार.

टाइप रेटिंग विकणाऱ्या संस्थेने त्यांना भरतीचे आकडे दाखवले. नोकरीचं पत्र मात्र दाखवलं नाही. क यांनी दोन प्रश्न विचारले. हे रेटिंग न वापरता किती काळ टिकतं? आणि नोकरी लागली नाही तर माझ्याकडे पुढचा प्रयत्न करायला काय उरतं? टाइप रेटिंगची प्रोफिशियन्सी चेक, म्हणजे कौशल्याची चाचणी, दरवर्षी द्यावी लागते. नोकरी नसेल तर ती पुन्हा स्वतःच्या खिशातून. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं: काहीच नाही.

त्यांनी इन्स्ट्रक्टर रेटिंगला प्रवेश घेतला. काही आठवड्यांत, ११ मार्च २०२० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी जगातली हवाई प्रवासी वाहतूक आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशाने घटली. त्यांच्याबरोबरच्या ज्यांनी टाइप रेटिंग केलं होतं, त्यातल्या काहींची रेटिंग्ज एकही प्रवासी न नेता संपली.

हे प्रकरण सांगितलं की ऐकणारे इथे माना डोलावतात. मला तेवढं सोपं वाटत नाही. महामारी क यांना दिसत नव्हती, कोणालाच दिसत नव्हती. ती आली नसती, तर टाइप रेटिंग घेतलेला त्यांचा वर्गमित्र २०२० मध्येच जेटवर बसला असता आणि ज्येष्ठतेत त्यांच्या तीन वर्षं पुढे असता. निकालावरून निर्णयाला गुण द्यायचे नाहीत, असं मी वर्गात सांगतो. ते इथेही लागू आहे. निर्णय योग्य होता असं मी म्हणतो ते दुसऱ्या कारणासाठी. पंचविशीतला मुलगा एक फटका खाऊन पाच वर्षांनी पुन्हा उभा राहू शकतो. ४४ व्या वर्षी पाच वर्षं म्हणजे उरलेल्या नोकरीचा पाव भाग. ज्याला दुसरा डाव मिळणार नाही, त्याने पहिल्याच डावात सगळं लावू नये.

२०२० चा बराचसा काळ त्यांनी जुन्या क्षेत्रातल्या सल्लागारीच्या कामावर काढला. फ्लाइंग स्कूल पुन्हा सुरू झाल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणून रुजू झाल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत एकूण तास हजाराच्या पुढे गेले.

उजव्या सीटवर

२०२३ मध्ये एका प्रादेशिक कंपनीने त्यांना एटीआर-७२ या टर्बोप्रॉप (पंखे असलेल्या) विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक म्हणून घेतलं. टाइप रेटिंग कंपनीने दिलं, ठरावीक वर्षं नोकरी सोडायची नाही या करारावर. वय ४८.

इथली अडचण कोणी आधी हेरली नव्हती. सिम्युलेटरमध्ये त्यांच्या डाव्या बाजूला एकतीस वर्षांचा कॅप्टन होता. ॲप्रोचमध्ये वेग जास्त होता, उंचीही. क यांना ते वेळेवर दिसलं. त्या म्हणाल्या, “वेग थोडा जास्त वाटतोय का, एकदा बघूया?” कॅप्टनने मान हलवली आणि तसाच पुढे गेला. ठरलेला शब्द होता “स्पीड”, आणि हजार फुटांवर विमान स्थिर नसेल तर “गो-अराउंड”, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा. एवढंच, आणि लगेच.

परीक्षकाने नंतर विचारलं तेव्हा त्यांचं स्पष्टीकरण असं: वर्षानुवर्षं कार्यालयातल्या बैठकांत माणसांना न दुखावता बोलायला त्या शिकल्या होत्या. शिवाय आपण वयाने मोठ्या, या मुलाला हुकूम सोडल्यासारखं वाटेल, हा संकोच. नव्याने आलेला ज्येष्ठ माणूस फार हुकमत गाजवेल अशी सगळ्यांना भीती असते. इथे उलट घडत होतं. १९७७ मध्ये स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली होती, ती झटकली गेली. अशा अपघातांनंतर १९७९ च्या नासाच्या कार्यशाळेपासून क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं, म्हणजे कॉकपिटमधल्यांनी एकमेकांशी नीट बोलून काम करण्याचं, प्रशिक्षण आकाराला आलं, आणि ठरीव कॉलआउट्स त्याचाच भाग बनले. बोलणाऱ्याच्या वयाचा, मानाचा, स्वभावाचा प्रश्नच उरू नये यासाठी ते शब्द आधीच ठरलेले असतात. क घरी आरशासमोर हे शब्द मोठ्याने म्हणायच्या. पुढच्या सत्रात जमलं.

आज कुठे आहेत

पगार जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी आहे. महिन्यात कित्येक रात्री घराबाहेर जातात. मुलीच्या शाळेची शेवटची दोन वर्षं आपण नीट पाहिली नाहीत, असं क स्वतः म्हणतात. नवऱ्याने साथ दिली, पण कुरबुर झाली, आणि ती होणारच होती: किती पैसे संपले किंवा किती वर्षं गेली की थांबायचं, हे दोघांनी तोंडी मोघम ठरवलं होतं. २०२० मध्ये दोघांच्या आठवणीतली मर्यादा वेगवेगळी निघाली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी हीच मर्यादा. ती तारखेसह आणि रकमेसह लिहून ठेवायला हवी होती.

लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा विमा त्यांनी नोकरी लागल्यावर पाहिला. तोपर्यंत रक्तदाबाची नोंद आणि वय दोन्ही आडवे आले. प्रशिक्षण सुरू करतानाच चौकशी केली असती तर निदान अटी कळल्या असत्या.

खाजगी लायसन्सचा टप्पा दोन वर्षं रेंगाळला. सलग चार-पाच आठवड्यांची बिनपगारी रजा मिळवून सोलोपर्यंतचा भाग एका दमात केला असता, तर तासही वाचले असते आणि आपल्याला हे जमतं का याचं उत्तरही लवकर मिळालं असतं. माझा विद्यार्थ्यांना आता हाच सल्ला असतो: नोकरी सोडू नका, पण रजा साठवा.

दोन वैमानिकांच्या कामाची, म्हणजे मल्टी-क्रूची सवय फार उशिरा लागली. इन्स्ट्रक्टर असताना उजव्या सीटवर बसणारा माणूस प्रमुख असतो, फर्स्ट ऑफिसर होताना तोच मदतनीस होतो. हा बदल आधी सिम्युलेटरमध्ये अनुभवायला मिळाला असता तर बरं.

सध्या त्यांच्यासमोर नवा निर्णय आहे. एकूण १५०० तास पूर्ण झाल्याने एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सची, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सची, वाट मोकळी आहे. याच कंपनीत थांबल्या तर दोन-तीन वर्षांत एटीआरच्या कॅप्टन होतील. जेटवर गेल्या तर दुसऱ्या कंपनीच्या यादीत पुन्हा तळाशी, पन्नाशीत. त्यांचा ओढा जेटकडे आहे. माझं मत त्यांना सांगितलं आहे: आधी कॅप्टनचे चार पट्टे आणि डाव्या सीटवरचे तास, मग यादी बदलायची की नाही ते बघा. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. करार संपायला वेळ आहे.